किनाऱ्यावरच्या गावातलं अनुदानित हायस्कूल: पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगडच्या किनाऱ्यावर आसपासच्या दहा-पंधरा वाड्यांना मिळून एखादंच अनुदानित हायस्कूल असतं. बंदरावरची मुलं तिथे येतात, बागायतीतली येतात, खाडीपलीकडचीही येतात. पालकांचे प्रश्न मात्र दरवर्षी साधारण तेच असतात. काही कार्यालयाच्या खिडकीशी विचारले जातात, बरेचसे व्हॉट्सॲपवर येतात. ते इथे एकत्र केले आहेत. घाईत असाल तर प्रश्न ३ आणि १३ तेवढे नक्की वाचा, कारण मुलं शाळेतून गळतात ती बहुतेक तिथेच.

१. पोरगी जिल्हा परिषदेच्या शाळेतून सातवी झाली. हायस्कूलला नाव घालायला काय काय लागतं?

जुन्या शाळेचा सोडल्याचा दाखला, सातवीचं प्रगतिपुस्तक, आधार कार्ड, फोटो, आणि असेल तर जातीचा दाखला. जातीचा दाखला नसला म्हणून प्रवेश थांबत नाही, तो मागाहून देता येतो. दाखला हातात पडला की तिथेच उभं राहून नाव, आईचं नाव, आडनाव, जन्मतारीख आणि जन्मस्थळ अक्षर अक्षर वाचून घ्या. तिथली चूक हायस्कूलच्या जनरल रजिस्टरमध्ये उतरते आणि पुढे दहावीच्या प्रमाणपत्रावर जाते. चूक सापडली तर प्रश्न २१ पाहा.

मुलीची यूडायसवरची, म्हणजे शाळा-विद्यार्थ्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीतली, नोंद जुन्या शाळेतून नव्या शाळेत वर्ग व्हावी लागते. ते काम दोन्ही शाळांचं आहे. पंधरा दिवसांनी वर्गशिक्षकांना एकदा आठवण केलीत की पुरे.

२. अनुदानित शाळा म्हणजे सरकारीच ना? मग फी कसली मागतात?

इमारत आणि कारभार संस्थेचा, शिक्षकांचा पगार सरकारचा, अशी ही व्यवस्था आहे. आठवीपर्यंत शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे फी घेता येत नाही. मुलींना पुढे बारावीपर्यंत शिक्षण शुल्क माफ आहे. नववी-दहावीच्या मुलांना प्रवर्गानुसार किंवा पालकांच्या उत्पन्नानुसार सवलत मिळते, मात्र त्यासाठी अर्ज भरावा लागतो. कुणी आपण होऊन सवलत देत नाही. सत्र शुल्क, परीक्षेचा खर्च अशा किरकोळ रकमा असतात. त्यांची पावती मागा.

प्रवेशासाठी देणगीची सक्ती करणं बेकायदा आहे. महाराष्ट्रात त्यासाठी १९८७ पासून स्वतंत्र कायदा आहे आणि शिक्षण हक्क कायद्यातही मनाई आहे. माजी विद्यार्थी छपरासाठी किंवा प्रयोगशाळेसाठी आनंदाने देतात ती देणगी वेगळी. प्रवेशाच्या खिडकीवर मागितलेल्या रकमेला तेच नाव दिलं तरी ती देणगी होत नाही.

३. आठवीपर्यंत काही खर्च नव्हता, नववीत एकदम एवढा कसा आला?

कारण आठवीनंतर कायद्याचं छत्र संपतं, आणि ही गोष्ट पालकांना वेळेवर कुणी सांगत नाही. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वर्षं वयाचा, पहिली ते आठवीचा. मोफत पाठ्यपुस्तकं आठवीपर्यंत, शालेय पोषण आहार आठवीपर्यंत. मोफत गणवेश तर सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांपुरता आहे, त्यामुळे अनुदानित हायस्कूलला आल्यापासूनच तो बंद होतो. नववीत पुस्तकं विकत, डबा घरून, आणि वर नापास होण्याची टांगती तलवार.

त्यात आपल्याकडे वेळ फार वाईट येते. शाळा जूनच्या मध्यावर उघडते आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर शाकारलेल्या, आंबा संपलेला, आणि त्याच पंधरवड्यात वह्या, पुस्तकं, छत्री, चपला, पास. वर्षातला सगळ्यात मोठा खर्च वर्षातल्या सगळ्यात रिकाम्या महिन्यात. म्हणून आमचं सांगणं असं:

नववीची तयारी आठवीच्या मार्चमध्येच सुरू करा. दहावीला गेलेल्या मुलांची पुस्तकं एप्रिलमध्ये मागून ठेवा, बहुतेक हायस्कुलांत जुन्या पुस्तकांची पेढी असते. नसेल तर पालक-शिक्षक संघात ती सुरू करायचा विषय काढा. ज्या रकमा भरायच्या असतील त्या नारळी पौर्णिमेनंतर भरतो, असं मुख्याध्यापकांना साध्या कागदावर लिहून द्या. किनाऱ्यावर नोकरी केलेल्या मुख्याध्यापकांना कारण समजावून सांगावं लागत नाही. आणि मुलगा आठवीत असतानाच प्रश्न १९ मधल्या परीक्षेला बसवा. ती परीक्षा फक्त आठवीत देता येते.

४. जुनी शाळा दाखला देत नाही. फी बाकी आहे म्हणतात. नवीन शाळा दाखल्याशिवाय घेईल का?

घ्यायला हवं. आठवीपर्यंत दाखला ताबडतोब देणं मुख्याध्यापकांवर कायद्यानेच बंधनकारक आहे, आणि दाखला उशिरा आला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. खासगी शाळांनी दाखले अडवून धरल्याच्या तक्रारी वाढल्या तेव्हा राज्य सरकारने पहिली ते दहावीच्या मुलांना सरकारी आणि अनुदानित शाळांत वयानुरूप वर्गात प्रवेश द्यायच्या सूचनाही काढल्या. जन्माचा दाखला आणि आधार घेऊन जा, लेखी अर्ज द्या, त्याच्या प्रतीवर पोच घ्या. पोच मागितली की बऱ्याच ठिकाणी सूर बदलतो. तरीही नाही म्हणाले तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा, नववी-दहावीसाठी जिल्हा परिषदेतल्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे (माध्यमिक).

५. आमच्या बागेत नेपाळी राखणदार आहे, त्याची दोन मुलं आहेत. ट्रॉलरवरच्या खलाशांचीही मुलं आहेत. कागद काहीच नाहीत. शाळेत घेतील?

घेतील. आणि बागायतदार किंवा होडीमालक म्हणून तुम्ही स्वतः त्यांना शाळेत घेऊन या, ही विनंती. आई-बापाला भाषा येत नाही, ते आपण होऊन येणार नाहीत. कागद नसले तरी शिक्षण हक्क कायद्याखाली वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. आधार मागाहून काढता येतं. मराठी येत नाही ही अडचण मुलं सहसा पहिल्या सत्रात मोडून काढतात.

हंगाम संपून कुटुंब परत निघालं तर शाळेकडून शिक्षण हमी पत्रक घ्या. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठीच ते असतं. त्यावर मूल कुठल्या वर्गात, कुठपर्यंत शिकलं याची नोंद असते आणि महाराष्ट्रातल्या दुसऱ्या शाळेत ते दाखवून लगेच बसता येतं. नववीच्या पुढच्या मुलांना मात्र कागद लागतातच. ते आधीपासून गोळा करा.

६. सेमी इंग्रजी घ्यावं का?

सेमीमध्ये गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी सगळं मराठीतून. मूल पाचवीपासून सेमीत असेल तर चालू ठेवा. आठवीत पहिल्यांदाच बदलणार असाल तर मुलाला विज्ञानाच्या इंग्रजी पुस्तकातलं एक पान वाचायला द्या आणि काय समजलं ते मराठीत सांगायला लावा. सांगता आलं तर बदला. नाही आलं तर मराठीतून चांगला पाया घालून अकरावीत इंग्रजी घेतलेली मुलं आम्ही भरपूर पाहिली आहेत. शेजारच्याने घेतलं म्हणून घेऊ नका.

७. एसटीचा पास कसा आणि किती?

ग्रामीण भागातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंत पास पूर्ण मोफत. मुलांना ६६.६७ टक्के सवलत, म्हणजे भाड्याचा तिसरा हिस्सा भरायचा. पूर्वी त्यासाठी स्थानकावर रांग लावावी लागे. २०२५ च्या जूनपासून पास शाळेतच द्यायची पद्धत एसटीने सुरू केली. तुमच्या शाळेत पास येत नसतील तर मुख्याध्यापकांना आगार व्यवस्थापकांना यादी पाठवायला सांगा.

संध्याकाळची गाडी वारंवार रद्द होत असेल तर तोंडी तक्रारीने काही होत नाही. कुठल्या तारखांना गाडी आली नाही ते मुलांनाच वहीत टिपायला लावा आणि ती यादी शाळेच्या पत्राबरोबर आगारात द्या. तरीने (खाडी ओलांडायच्या होडीने) किंवा फेरीबोटीने येणाऱ्या मुलांना एसटीची सवलत लागू होत नाही. तिथे ग्रामपंचायत आणि बोटवाल्याशी शाळेनेच बोलायचं असतं.

८. पावसाची सुट्टी नक्की कोण देतं? रात्री मेसेज येतो तो खरा की खोटा?

अतिवृष्टीची सुट्टी जिल्हाधिकारी देतात, आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली. हवामान खात्याचा लाल इशारा आला म्हणजे सुट्टी झाली असं नाही, आदेश निघावा लागतो. फिरणाऱ्या आदेशावरची तारीख पाहा. गेल्या वर्षीचाच आदेश दर जुलैला पुन्हा फिरतो आणि मुलं घरी राहतात.

आदेश नाही पण तुमच्या वाडीचा साकव पाण्याखाली आहे, किंवा खाडीवरची तर बंद आहे? मुलाला पाठवू नका. वर्गशिक्षकांना निरोप द्या. अशा दिवसाची गैरहजेरी कुणी मुलाच्या अंगाला लावत नाही, आणि लावली तर भांडायला आम्ही आहोत. दुपारी पाऊस वाढला तर खाडीपलीकडच्या मुलांना आधी सोडायची पद्धत हवी. तुमच्या शाळेत ती आहे का, हे जूनमध्येच विचारून ठेवा. आणि मुलाला उशीर झालाच तर गावात कुणाकडे थांबायचं, त्या घराचं नाव वर्गशिक्षकांकडे लिहून द्या.

९. पावसात गणवेश वाळत नाही. दुसरे कपडे चालतील?

चालायला हवेत. एकच गणवेश असलेल्या मुलाने ओल्या पँटीत सहा तास बसावं, असा कुठलाही नियम नाही. ‘गणवेश ओला आहे’ एवढी चिठ्ठी पुरे. चामडी बूट जुलै-ऑगस्टमध्ये विकत घेऊ नका, बुरशीने जातात.

१०. गणपतीची सुट्टी कोकणात वेगळी असते का?

हो. वर्षभराच्या एकूण सुट्ट्या ७६ पेक्षा जास्त होऊ नयेत अशी राज्याची मर्यादा आहे, पण त्या आतल्या आत फिरवता येतात. म्हणून आपल्याकडे चतुर्थीची सुट्टी लांब आणि दिवाळीची आखूड असते, शिमग्यालाही स्थानिक सुट्टी ठेवतात. जिल्ह्याजिल्ह्यात फरक असतो. मुंबईच्या नातेवाइकांच्या शाळेवरून तिकिटं काढू नका.

११. मुलगा हंगामात वडिलांबरोबर होडीवर जातो, आंब्याच्या दिवसांत बागेत. हजेरीचं काय होईल?

दहावीच्या परीक्षेला बसायला ७५ टक्के हजेरी लागते. आजारपणात वैद्यकीय दाखल्यावर विभागीय मंडळ काही सूट देतं, होडीवर गेला म्हणून देत नाही.

पण खरी काळजी हजेरीची नाही. ऑगस्टमध्ये मासेमारी सुरू होते तेव्हाच गणितात नवे धडे सुरू झालेले असतात. मुलगा तीन आठवडे जातो, परत येतो तेव्हा फळ्यावरचं काही कळत नाही, आणि मग त्याला वर्गापेक्षा होडी बरी वाटू लागते. खलाशाचे पैसे हातात पडलेला पंधरा वर्षांचा मुलगा बाकावर परत बसवणं फार कठीण असतं. सुट्टीच्या दिवशी खुशाल न्या, समुद्र शिकणं हेही शिक्षणच आहे. शाळेच्या दिवशी नेऊ नका. १४ वर्षांखालच्या मुलाला कामाला लावणं बेकायदा आहे. घरच्या कामात मदत चालते ती शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत.

१२. आठवीपर्यंत नापास करत नाहीत ना?

आता करतात. महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम बदलला. पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा होते, नापास झालं तर पुरवणी मार्गदर्शन देऊन दोन महिन्यांत फेरपरीक्षा, आणि त्यातही नापास झालं तर त्याच वर्गात. शाळेतून काढून टाकता मात्र येत नाही. सहावी आणि सातवीला पूर्वीचाच नियम.

१३. मुलगा नववीत नापास झाला. शाळा म्हणते दाखला घ्या आणि १७ नंबर भरा. काय करू?

दाखला घेऊ नका. निदान लगेच नको.

हे जरा सविस्तर सांगतो. कोकण विभागीय मंडळ, म्हणजे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, दहावीच्या निकालात वर्षानुवर्षं राज्यात पहिलं येतं. २०२४ मध्ये ९९.०१ टक्के, २०२५ मध्ये ९८.८२ टक्के. (रायगड मुंबई विभागात मोडतो.) हा निकाल मुलांनी आणि शिक्षकांनी मेहनतीने मिळवलेला आहे आणि आम्हाला त्याचा अभिमान आहे. पण शंभर टक्क्यांच्या फलकाची ओढ लागली की नववीतल्या कच्च्या मुलाकडे ओझं म्हणून पाहिलं जाण्याचा धोका असतो. तो मुलगा दहावीच्या वर्गात बसलाच नाही, तर निकालात त्याची गणती कुठेच होत नाही.

तुमच्या मुलाला त्याच शाळेत नववी पुन्हा करता येते. त्याआधी फेरपरीक्षेची संधी मागा, निकाल हातात पडला त्याच आठवड्यात, लेखी. कुठल्या विषयात किती गुण कमी पडले ते विचारा आणि उत्तरपत्रिका पाहायला मागा. बहुतेक वेळा गणित आणि इंग्रजी हे दोनच विषय असतात, आणि एप्रिल-मेमध्ये रोज दोन तास बसलं तर ते निघतात.

१७ नंबरचा फॉर्म म्हणजे खासगी विद्यार्थी म्हणून दहावी देणं. त्याला १४ वर्षं पूर्ण आणि किमान पाचवी उत्तीर्ण लागते. ज्याची शाळा खरोखर सुटली आहे, लग्न होऊन गेलेली मुलगी किंवा कामाला लागलेला मुलगा, त्याच्यासाठी ती उत्तम वाट आहे. शाळेत यायला तयार असलेल्या मुलासाठी ती वाट नाही. वर्ग नाही, शिक्षक नाहीत, सोबत नाही, आणि घरी एकट्याने सहा विषय. दाखल्याचा अर्ज पालकाच्या सहीने होतो. सही तुमच्या हातात आहे.

१४. दहावीचे गुण कसे मोजतात? ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ म्हणजे काय?

सहा विषय: तीन भाषा, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रं. प्रत्येकी १००, त्यात ८० लेखी आणि २० शाळेतले. गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रांच्या लेखी परीक्षा ४०-४० च्या दोन भागांत होतात. टक्केवारी काढताना सर्वांत जास्त गुणांचे पाच विषय धरतात. पास मात्र सहाही विषयांत व्हावं लागतं. शाळेतले २० गुण प्रकल्प, प्रात्यक्षिक, स्वाध्याय यांचे असतात आणि वह्या वेळेवर दिल्या नाहीत की ते हकनाक जातात.

१५. चित्रकलेच्या परीक्षेचे गुण खरंच मिळतात का? खेळाचे?

मिळतात. शासकीय रेखाकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत ए श्रेणीला ७, बी ला ५, सी ला ३ वाढीव गुण. आधी एलिमेंटरी द्यावी लागते, म्हणून सातवी-आठवीतच सुरुवात करा. मान्यताप्राप्त क्रीडा स्पर्धांत ठरलेल्या पातळीपर्यंत खेळलेल्यांना, तसंच लोककला आणि शास्त्रीय कलांनाही गुण आहेत. दशावतार किंवा नमनात काम करणाऱ्या मुलांनी जरूर चौकशी करावी. प्रस्ताव शाळेमार्फत ठरल्या मुदतीत जावा लागतो. मुदत चुकली की पदक घरातच राहतं.

१६. मुलाला वाचता-लिहिता येत नाही, पण डोक्याने हुशार आहे. काही सवलत असते?

असं मूल ‘ढ’ असतं हा समज आधी काढून टाका. अध्ययन अक्षमता ही २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात नोंदलेली स्थिती आहे. अधिकृत शासकीय रुग्णालयातून तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळतं. त्यावर दहावीला जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो आणि काही विषयांत सूटही. लेखनिक खालच्या वर्गातला असावा लागतो. तपासणीला तालुक्याबाहेर जावं लागतं आणि तारखा लांबच्या मिळतात. म्हणून आठवीत जाणवलं तर आठवीतच निघा. दहावीच्या जानेवारीत धावपळ करून काही हाती लागत नाही. दृष्टी, श्रवण आणि इतर दिव्यांगत्वालाही याच पद्धतीने सवलती आहेत.

१७. दहावीला दोन विषय राहिले. वर्ष गेलं का?

नाही. एक किंवा दोन विषय राहिलेल्याला एटीकेटीवर अकरावीत प्रवेश मिळतो, राहिलेले विषय पुढच्या संधींत काढायचे. पुरवणी परीक्षा जून-जुलैच्या सुमाराला होते, म्हणजे ऐन पावसात. केंद्र तालुक्याला असेल तर परीक्षेच्या दिवसांत मुलाला तिथे नातेवाइकाकडे ठेवा, सकाळच्या पहिल्या गाडीच्या भरवशावर राहू नका. गुण अनपेक्षित कमी वाटले तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवावी लागते, मगच पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो.

१८. अकरावीला शहरातच जावं लागतं का? ऑनलाइन फॉर्म कोण भरून देईल?

२०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले आहेत. त्याच संकुलात कनिष्ठ महाविद्यालय असेल तर तिथल्या जागांत १० टक्के इनहाउस कोटा, म्हणजे त्याच संकुलातल्या शाळेच्या मुलांसाठी राखीव जागा, असतो. फॉर्म हायस्कूलमध्येच भरा. सायबरवाल्याकडे भरलेल्या फॉर्मात मोबाइल नंबर त्याचाच राहून जातो आणि नंतर ओटीपी त्याच्याकडे येत राहतात.

शहर म्हणजे पुढे जाणं, असं धरून चालू नका. आयटीआय आहे, पदविका आहे. दर्यावर्दी घरातल्या मुलांना आम्ही आवर्जून सांगतो: रत्नागिरीला शिरगाव इथे मत्स्य महाविद्यालय आहे, दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचं. बारावी विज्ञान, त्यात जीवशास्त्र, आणि सीईटी. घरात पिढ्यान्‌पिढ्या जमलेलं समुद्राचं ज्ञान ज्यांच्याकडे आहे, ती मुलं या अभ्यासक्रमाकडे वळत का नाहीत, याची आम्हाला खंत आहे. त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

१९. कुठली शिष्यवृत्ती खरोखर उपयोगाची?

एनएमएमएस, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलांची शिष्यवृत्ती परीक्षा. सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या आठवीच्या मुलांसाठी. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत, सातवीला ५५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींना ५०). निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये थेट खात्यात. नेमक्या त्याच वर्षांत, जेव्हा मोफत सगळं थांबलेलं असतं. दहावीला ६० टक्के ठेवावे लागतात आणि दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून आधीच काढून ठेवा. मुलाच्या नावाचं बँक खातं आणि आधार जुळलेलं हवं. स्पेलिंग वेगळं असलं की पैसे अडकतात.

२०. मुलीला बसथांब्यावर त्रास देतात. शाळेत सांगितलं तर तिचीच बदनामी होईल.

सांगा. तिचं नाव गुप्त ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. प्रत्येक शाळेत सखी सावित्री समिती आणि तक्रारपेटी असायला हवी. चिठ्ठी निनावी टाकली तरी चालते. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक आहे, चोवीस तास आणि मोफत. शाळेतल्याच कुणाबद्दल तक्रार असेल तर शाळेत न्यायाची गरज नाही, पोलिसांत पॉक्सोखाली, म्हणजे मुलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याखाली, नोंदवता येते. आणि एक विनंती: त्रास देणाऱ्यामुळे मुलीची शाळा बंद करू नका. शिक्षा तिला कशाला?

२१. दाखल्यावर नाव किंवा जन्मतारीख चुकली आहे. आता दुरुस्त होईल?

मूल शाळेत शिकत असेल तर होईल. मुख्याध्यापकांकडे अर्ज, जन्माचा दाखला आणि इतर पुरावे द्या. प्रस्ताव शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो आणि मंजुरी आली की जनरल रजिस्टरमध्ये लाल शाईने दुरुस्ती होते. दहावीचं आवेदनपत्र भरायच्या आधी हे आटपा. शाळा सोडल्यावर नियम फार कडक आहेत, जन्मतारखेच्या बाबतीत तर जास्तच. लग्नानंतर किंवा स्वखुशीने बदललेलं नाव मूळ रजिस्टरला चढत नाही, त्यासाठी राजपत्राचा वेगळा मार्ग आहे.

२२. वादळात, पुरात सगळे कागद गेले. परत मिळतात?

मिळतात. ३ जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ आणि २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर, या दोन्ही वेळी किती घरांतले कागद गेले ते आपण पाहिलं. शाळेचा दाखला हरवला तर प्रतिज्ञापत्र देऊन दुसरी प्रत मिळते, तिच्यावर तसा शेरा असतो. दहावीची गुणपत्रिका आणि प्रमाणपत्र यांच्या दुसऱ्या प्रती विभागीय मंडळाकडून. बैठक क्रमांक आठवत नसेल तर शाळेच्या निकालपत्रकात सापडतो. आज करायचं काम एवढंच: सगळे कागद मोबाइलवर काढून डिजिलॉकरला ठेवा, आणि मूळ कागद जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, माळ्यावर. पलंगाखालच्या पेटीत नको.

२३. जात पडताळणीसाठी आजोबांचा दाखला हवा. ते या शाळेत होते की नाही, माहीत नाही.

हा प्रश्न माजी विद्यार्थ्यांच्या नातवंडांकडून येतो, आणि वाढतोच आहे. ठरलेल्या तारखेआधीचा पुरावा लागतो: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७.

आधी मूळ गावच्या प्राथमिक शाळेत जा. त्या पिढीतले बरेच जण चौथीनंतर शिकलेच नाहीत, त्यामुळे नाव हायस्कूलच्या रजिस्टरमध्ये असण्यापेक्षा तिथे असण्याची शक्यता जास्त. ती शाळा बंद झाली असेल तर तिचं दप्तर केंद्रशाळेत किंवा पंचायत समितीच्या शिक्षण विभागात चौकशी करून शोधावं लागतं. हायस्कूलला अर्ज करताना आजोबांचं पूर्ण नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, वाडी आणि अंदाजे जन्मसाल लिहा. आडनावावर विसंबू नका. जुन्या नोंदींत पुष्कळदा आडनाव नसतं किंवा गावावरून लावलेलं असतं. एकाच वर्षी एकाच नावाची तीन मुलं सापडतात, तिथे वडिलांच्या नावावरूनच ओळख पटते.

जुनी पानं हात लावताच तुटतात, काहींना वाळवी लागलेली असते. लिपिकाला एकेक पान उलटून पाहावं लागतं, म्हणून अर्ज देऊन आठवडाभराने या. परीक्षेच्या दिवसांत आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात आलात तर काम होणार नाही. नोंद सापडली की तिचा साक्षांकित उतारा मागा आणि तिथेच दोन प्रती घ्या, भावंडांनाही लागतो.